१२८ जीबीचं कार्ड, आत मेमरी १६ जीबीची

सीएसएमटी किंवा अंधेरी स्टेशनबाहेर १२८ जीबीचं मेमरी कार्ड निम्म्या किमतीत मिळतं. पाकीट हुबेहूब कंपनीचं. पक्कं बिल मागितलं की ‘जीएसटी वेगळा पडेल’ हे ठरलेलं उत्तर. कॅमेऱ्यात घातलं की कॅमेराही १२८च दाखवतो. फसवणूक कळते ती लग्न लागून गेल्यावर: हळदीचे फोटो व्यवस्थित, अंतरपाटापासून पुढचे सगळे करडे.

आत खरी मेमरी ८ किंवा १६ जीबीचीच असते. कार्डाचा कारभार बघणाऱ्या चिपचं, म्हणजे कंट्रोलरचं, फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदलून त्याला खोटी क्षमता सांगायला लावलेलं असतं. खरी जागा संपली की पुढचा डेटा एकतर लिहिलाच जात नाही, नाहीतर आधीच्या फोटोंवर लिहिला जातो. फायलींची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते, त्यामुळे बहुतेकदा ती शाबूत राहते. म्हणून नावं दिसतात, आकार दिसतो, फोटो काही उघडत नाही. शटर दाबल्याबरोबर स्क्रीनवर येणारं चित्र कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मेमरीतलं असतं, त्यावर विसंबू नका. सगळ्यात घातक म्हणजे कॉम्प्युटरवर कॉपीसुद्धा बऱ्याचदा विनातक्रार पूर्ण होते.

कार्ड नवं आणि रिकामं असतानाच तपासा. त्यासाठी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw), मॅक किंवा लिनक्सवर एफथ्री (F3) हे प्रोग्रॅम आहेत, दोन्ही फुकट. ती कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतात. सेकंदाला २० एमबी वेग धरला तर १२८ जीबी नुसतं लिहायला पावणेदोन तास लागतात. तेवढा वेळ द्याच, क्विक फॉरमॅटने यातलं काही उघड होत नाही. विंडोजमध्ये ११९ जीबी दिसले तर ते ठीक आहे. कंपनी १०००च्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या.

शूटनंतर कार्डाच्या कडेचं छोटं लॉक लावा आणि कट-पेस्ट न करता दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करा. सुरुवातीचे, मधले, शेवटचे फोटो पूर्ण आकारात उघडून बघा. कार्ड फॉरमॅट करायचं ते त्यानंतर, कॅमेऱ्यातच.

आणि ‘सगळे फोटो परत आणतो’ म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्याला नाही म्हणा. जे लिहिलंच गेलं नाही, ते कुठल्याही सॉफ्टवेअरला सापडणार नाही. उरलंसुरलं फोटोरेक (PhotoRec) या सॉफ्टवेअरने फुकट शोधता येतं. सापडलेल्या फायली त्याच कार्डावर साठवू नका. बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे १९१५ वर तक्रार करा.