मेसेल पिट, जर्मनी: पक्षीवेड्यांनी चुकवू नये असं ठिकाण

फ्रँकफर्टला येणं झालं तर डार्मश्टाटजवळचं मेसेल पिट, म्हणजे जीवाश्मांसाठी प्रसिद्ध असलेली जुनी खाण, नक्की बघा. खाली खाणीत एकट्याने उतरता येत नाही, गाइडेड टूरच घ्यावी लागते, आणि ती घ्याच, नुसतं व्हिजिटर सेंटर बघून परत फिरू नका. साधारण 4.8 कोटी वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखीच्या विवरात तळं होतं, त्याच्या गाळात पक्ष्यांचे जीवाश्म पिसांसकट टिकलेत!! हुदहुदचे इवलेसे नातेवाईक, नीलपंखाचे भाऊबंद, आणि माऊसबर्ड, जे आज फक्त आफ्रिकेत उरलेत. बहुतेक छोटे, झाडांवर राहणारे, फांदी पकडायचे पाय अगदी स्पष्ट दिसतात, म्हणजे तळ्याभोवती दाट उष्ण जंगल होतं हे पक्षीच सांगतात, सोबत मगरींचे जीवाश्मही आहेतच. मला सगळ्यात भारी वाटला तो पुमिलिऑर्निस, जेमतेम 8 सेंमीचा पक्षी, 2014 साली त्याच्या पोटात परागकण सापडल्याचं जाहीर झालं, फुलांवर जाणाऱ्या पक्ष्याचा सगळ्यात जुना पुरावा! आणि इथे कचरा डेपो करणार होते, लोकांनी विरोध केला म्हणून वाचलं, 1995 पासून जागतिक वारसा. ऑइल शेल, म्हणजे जीवाश्म ज्यात सापडतात तो इथला तेलकट थरांचा खडक, सुकला की तडकतो म्हणून जीवाश्म रेझिनवर (घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेवर) कसे घेतात ते गाइडला आवर्जून विचारा. पाच स्टार.