योग्गेलीत अख्खा मोसम: एफसी बासेलच्या सीझन तिकिटाचा अनुभव

सीझन तिकीट घेतलं तेव्हा एफसी बासेल या स्वित्झर्लंडमधल्या फुटबॉल क्लबबद्दल मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. मोहम्मद सलाह युरोपात पहिल्यांदा इथे आला, आणि आदल्या मोसमात संघ बारा संघांत आठवा होता. ऑफिसातले लोक म्हणाले, सुटी तिकिटं काढ, मोठे सामने तेवढे बघ. मी ऐकलं नाही. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील नि दिलबहारची एकच मॅच बघून पेठांचा फुटबॉल कळत नाही, हे लहानपणापासून माहीत आहे. 2024-25 चा मोसम दोन सामने सोडले तर पूर्ण बघितला, त्यावरून लिहितोय.

आधी व्यवहाराचं. 14 नंबरची ट्राम थेट सांक्ट याकोबला सोडते. स्टेडियमचं नाव सांक्ट याकोब पार्क, पण गावात सगळे ‘योग्गेली’च म्हणतात. 2001 साली उघडलं, आराखडा बासेलच्याच हर्झोग आणि द म्युरोन या वास्तुविशारदांचा. खाली मॉल, त्याच इमारतीत ज्येष्ठांसाठी घरं आणि मध्ये मैदान. साधारण 38 हजार माणसं बसतात. लीगचे 33 सामने झाले की तक्त्याचे दोन भाग होतात, वरचे सहा नि खालचे सहा, आणि प्रत्येकाचे आणखी पाच सामने. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात घरच्या मैदानावर कोण येणार हे आधी कळत नाही. सुट्ट्यांचं नियोजन करताना हे लक्षात ठेवा. डिसेंबरच्या मध्यापासून महिनाभर सुट्टी असते. फेब्रुवारीत मात्र पायात दोन मोजे घालूनही बोटं बधिर होतात.

नुसता गजर हवा असेल तर डी सेक्टर, म्हणजे मुट्टेन्झरकुर्व्हे. तिथे नव्वद मिनिटं उभं राहून गायचं असतं. मी बसायची जागा घेतली आणि त्याचं समाधान आहे, कारण माझ्या डाव्या हाताला एक आजोबा मिळाले. पहिले तीन सामने आम्ही फक्त मान हलवली. चौथ्या सामन्याला त्यांनी आपल्या क्लोप्फरचा (बासेलमध्ये सर्वेला सॉसेजला हेच म्हणतात) अर्धा तुकडा ब्रेडसकट माझ्या हातात दिला, आणि तिथून बोलणं सुरू झालं. माझं जर्मन तोडकंमोडकं, त्यांची बासेलची बोली. तरी फुटबॉलपुरतं भागलं.

क्लबचा इतिहास मी त्यांच्याकडूनच ऐकला. 1893 च्या नोव्हेंबरमध्ये वर्तमानपत्रात जाहिरात देऊन माणसं गोळा केली आणि क्लब उभा राहिला. पहिलं मैदान लांडहोफ. जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचा पहिला अधिकृत सामना 1908 मध्ये त्याच मैदानावर झाला आणि स्वित्झर्लंडने तो 5-3 असा जिंकला. सुरुवातीच्या खेळाडूंत एक हान्स गाम्पर होता. त्याने पुढे 1899 मध्ये बार्सिलोना क्लब काढला. त्याआधी बासेलचा जुना प्रतिस्पर्धी एफसी झ्युरिखच्या स्थापनेतही त्याचा हात होता, आणि हे सांगताना आजोबांचा चेहरा जरा आंबला. मी एका रविवारी लांडहोफला जाऊन आलो. घरांच्या मधोमध ते मैदान अजून आहे, शेजारी लोकांनी मिळून भाज्यांची बाग केली आहे. मला ती जागा स्टेडियमपेक्षा जास्त आवडली.

आजोबांचा खरा काळ हेल्मुट बेंटहाउसचा. 1965 मध्ये खेळाडू-प्रशिक्षक म्हणून आलेला हा जर्मन माणूस 1982 पर्यंत टिकला आणि सात विजेतेपदं देऊन गेला. त्या संघातल्या कार्ल ओडरमाटचं नाव ते घरातल्या माणसासारखं घेतात. मग 1988 मध्ये संघ खालच्या लीगमध्ये घसरला नि सहा वर्षं तिथेच राहिला. पुढचं विजेतेपद थेट 2002 मध्ये, बावीस वर्षांनी. त्याच वर्षी लिव्हरपूलशी 3-3 बरोबरी करून त्यांना चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढलं. 2010 ते 2017 सलग आठ विजेतेपदं, त्यातच मँचेस्टर युनायटेडला हरवलेली 2011 ची रात्र. ही आठ वर्षं आजोबांनी दोन वाक्यांत संपवली.

त्यांना सांगायचं होतं ते 13 मे 2006 बद्दल. लीगचा शेवटचा दिवस, याच मैदानावर झ्युरिख समोर. बासेलला बरोबरी पुरेशी होती आणि 1-1 बरोबरी होतीही. 93व्या मिनिटाला झ्युरिखच्या फिलिपेस्कूने गोल केला. गुण सारखे, गोलफरकावर विजेतेपद झ्युरिखला. मग मैदानात दंगल झाली आणि क्लबला प्रेक्षकांविना सामने खेळण्याची शिक्षा झाली. त्या दिवसापासून आजोबा नव्वदाव्या मिनिटाला उठून उभे राहतात. चष्मा काढून खिशात ठेवतात, मफलर दोन्ही मुठींत धरतात आणि शिट्टी होईपर्यंत बसत नाहीत. संघ कितीही गोलांनी पुढे असो. ऑक्टोबरपासून मीही उभा राहू लागलो.

मोसमाचं सांगायचं तर आम्ही नशीबवान ठरलो. ऑगस्टमध्ये बासेलचा जुना खेळाडू शकिरी बारा वर्षांनी परत आला. पळून पळून दमवणारा खेळाडू तो आता नाही. पण चेंडू डाव्या पायावर आला की आजूबाजूचे सगळे एकदम पुढे वाकतात, कॉर्नर घ्यायला निघाला की गप्पा थांबतात. अठरा गोल करून तो लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. बासेलचं एकविसावं विजेतेपद, आणि वर बीलच्या संघाला 4-1 हरवून स्विस कपही.

घ्यावं का? तुम्ही बासेलमध्ये वर्षभर असाल आणि निम्म्याहून जास्त सामन्यांना जाणार असाल तर नक्की घ्या. पाहुण्यांना एकदा मैदान दाखवायचं असेल तर सुटं तिकीट पुरे. रटाळ सामनेही बरेच बघावे लागतात. नोव्हेंबरातल्या एका सामन्यात मला दुसरा हाफ आठवतच नाही. पण आजोबांशी सगळ्यात जास्त बोलणं त्याच दिवशी झालं.

मी पुढच्या वर्षासाठी तीच जागा ठेवली आहे. घरच्या शेवटच्या सामन्याला विजेतेपद आधीच पक्कं होतं, त्या निकालाने काहीच बदलणार नव्हतं. सगळं स्टेडियम गात होतं. नव्वदावं मिनिट लागलं तसा शेजारी चष्म्याच्या दांड्या मिटल्याचा आवाज आला, आणि आम्ही दोघं उभे राहिलो.