एक ठिपका म्हणजे एक गुंठा : नऊ महिने उपग्रहाच्या चित्रांवर बाग पाहताना

तासगाव तालुक्यात आमची दोन एकर माणिक चमन द्राक्षांची बाग आहे. गेल्या जूनपासून मी तिच्यावर वरूनही लक्ष ठेवून आहे. ड्रोन वगैरे काही नाही. पिकासाठी युरोपच्या सेंटिनल उपग्रहांची फुकट चित्रं कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर बघतो आणि ढगांसाठी आपल्या इन्सॅट या हवामान उपग्रहांची. मध्ये चार महिने पैसे भरून एक ॲपही घेतलं होतं, त्याचं नाव इथे घेत नाही. आता मार्च लागला, माल बेदाण्याला शेडवर गेला, जरा उसंत आहे म्हणून लिहितो.

आधी ठिपक्याचं गणित, कारण ते मला कुणी सांगितलं नव्हतं. सेंटिनल-२ च्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर असतो. म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. हे लक्षात आल्यावर सगळं सोपं झालं: एक ठिपका, एक गुंठा. दोन एकराचे ८० ठिपके. पण कडेचे सोडून द्यावे लागतात, कारण त्यांत अर्धा बांध आणि अर्धा शेजाऱ्याचा ऊस मिसळलेला असतो. आमचं रान लांबट आहे, त्यामुळे भरवशाचे ठिपके पन्नासच्या आत-बाहेरच उरतात. ज्याचं रान दहा गुंठ्याचं आहे त्याने या भानगडीत पडू नये. आणि एखादं झाड वाळतंय का, हे यात दिसत नाही, कितीही झूम केलं तरी.

एनडीव्हीआय हा शब्द सगळे फेकतात. पान लाल प्रकाश खातं आणि आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं. या दोन्हींच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की तो आकडा येतो. हिरवं जितकं दाट तितका आकडा मोठा. पण हिरवं म्हणजे काय, हे त्याला कळत नाही. सप्टेंबरात आमच्या वरच्या अंगाला आकडा फार सुंदर आला होता. ॲपने ‘उत्तम’ म्हणून शाबासकी दिली. जाऊन बघतो तर दोन ओळींच्या मधे गुडघाभर तण. ऑक्टोबरात फळछाटणी केली, तर आठवड्याभरात लाल रंगाचा इशारा आला, ‘पिकाच्या आरोग्यात गंभीर घट’. अहो, कात्री आम्हीच चालवली! मदत केंद्रावर फोन करून छाटणी म्हणजे काय ते समजावून सांगितलं, तरी पंधरा दिवसांनी पुन्हा तोच इशारा. ॲप त्याच महिन्यात बंद केलं. आतली चित्रं तीच फुकटची होती, वरचा रंग तेवढा विकतचा.

मग हे सगळं फुकट गेलं का? नाही. डिसेंबरात मधल्या भागात दोन ठिपक्यांच्या रुंदीचा एक फिकट पट्टा दिसला. पाच दिवसांनी पुढचं चित्र आलं, त्यातही होता, आणि थोडा लांबलेला. बागेत उभं राहून मला काहीच वेगळं जाणवलं नव्हतं. ठिबकच्या नळ्या तपासल्या, तर सबमेनचा (ओळींना पाणी वाटणाऱ्या पाइपचा) एक व्हॉल्व्ह अर्धाच उघडत होता आणि पलीकडच्या आठ-नऊ ओळींना पाणी कमी पडत होतं. मणी फुगायच्या ऐन वेळेला ते सापडलं. एक-दोन ओळींचाच प्रश्न असता तर चित्रात आला नसता, हेही खरं.

पण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत हे साधन जवळजवळ आंधळं असतं. उपग्रह ठरल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला डोक्यावरून जातो, आणि नेमकं तेव्हा आभाळ भरलेलं असतं. जुलैत मला एकही स्वच्छ चित्र मिळालं नाही, नुसता कापूस.

आता ढगांचं. इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (फेब्रुवारी २०२४) हे विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच, एकाच जागी थांबल्यासारखे असतात. प्रत्येकाचं चित्र अर्ध्या तासाने. हवामान विभागाच्या संकेतस्थळावर आणि इस्रोच्या मॉस्डॅकवर ती बघता येतात. इतक्या लांबून बघायचं म्हणजे ठिपका मोठाच असणार. रात्रीही चालणाऱ्या अवरक्त चित्रात तो ४ किलोमीटरचा असतो, म्हणजे जवळजवळ चार हजार एकर. आमच्यासारख्या दोन हजार बागा एका ठिपक्यात! त्यामुळे ‘माझ्या बागेवर पाऊस पडेल का’ हे त्याला विचारायचंच नाही. ‘ढग कुठून कुठे चालले आहेत’ एवढंच विचारायचं. त्यासाठी एक चित्र कामाचं नाही, मागची पाच-सहा ओळीने फिरवून बघावी लागतात.

माझी फजिती नोव्हेंबरातली. बाग फुलोऱ्यात, डाऊनी या बुरशीच्या रोगाची भीती, फवारणी करायची होती. दुपारी तीनला चित्र उघडलं. आग्नेयेकडून ढगांचा गठ्ठा सरकताना दिसत होता, पण खाली वेळ ०९००. म्हटलं हे सकाळचं शिळं चित्र, तोवर ढग विरलेही असतील. ब्लोअर जोडला. पाचला पाऊस आला आणि सगळं औषध धुऊन गेलं. चित्रावरची वेळ ग्रिनिचची असते, तीत साडेपाच तास मिळवायचे, हे मला रात्री कळलं. चित्र दुपारी अडीचचं होतं, एकदम ताजं. आबा म्हणाले, “वर आभाळ काळं झालं हुतं, तू मोबाईलात खाली बघत हुतास.” यावर काय बोलणार!

आणखी एक गोष्ट समजायला वेळ लागला. अवरक्त चित्रात जास्त पांढरं म्हणजे ढगाचा माथा जास्त थंड, म्हणजेच जास्त उंच. जास्त पाऊस, असा त्याचा अर्थ नव्हे. कोयना-नवजाकडे मुसळधार चालू असते आणि चित्रात तिथे नुसतं राखाडी दिसतं, कारण घाटातला बराचसा पाऊस बुटक्या ढगांतून पडतो. उलट उंचावरचे पिंजलेले ढग पांढरेशुभ्र दिसतात आणि थेंबही देत नाहीत. वळवाचा ढग मात्र फसवत नाही. बारीक टिकली उठते आणि तासाभरात फुगते. फक्त ती बघून घरी पळायला आपल्याकडे तेवढा वेळ नसतो.

ताई भिलवडीला, कृष्णेच्या काठी. तिच्यासाठी पुराकरता सेंटिनल-१ लावून बघितला. हा रडारवाला, ढगातून आरपार बघतो. संथ पाणी त्याची लहर दुसरीकडे उडवून लावतं, म्हणून काळं दिसतं. २०१९ च्या ऑगस्टची जुनी चित्रं मुद्दाम काढली. तेव्हा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोका पातळी ४५ फूट. नदीभोवती काळं पसरलेलं आहे, पण जिथे उसाचे शेंडे वर होते तिथे काळं नाही, म्हणजे पूर दिसतो त्याहून मोठा होता. अभ्यासाला उत्तम. चालू पुरात मात्र फार उपयोग नाही, कारण एका उपग्रहाची त्याच वाटेवरची फेरी १२ दिवसांनी होते. तोवर पाणी चढून ओसरूनही जातं. ताई अजूनही फोनवर “आयर्विनला किती फूट, कोयनेतून किती सोडलं?” एवढंच विचारते, आणि तेच बरोबर आहे.

खर्च शून्य, पण लॅपटॉप हवा. मोबाईलवर बांधाची सीमा आखताना बोट शेजाऱ्याच्या रानात जातं. तीस मीटर ठिपक्याच्या, अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रं १९८० च्या दशकापासूनची मिळतात. मार्च महिन्यातला जत भाग तेव्हाचा आणि आताचा शेजारी लावून बघा, म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी कुठवर पोचलं ते हिरव्या तुकड्यांवरून ओळखू येतं. यात माझ्या दोन रात्री गेल्या, कामाचं काहीच नव्हतं.

जुन्या चित्रांतूनच एक कोडं निघालंय. आमचा खालचा कोपरा, तीन-चार ठिपके, दर जानेवारीत फिकट असतो. बाग लावली २०१९ ला. त्याआधी तिथे ज्वारी होती, त्या वर्षांतही तोच कोपरा फिकट. आबांचं म्हणणं, बांधावरची बाभळ सगळं ओढून घ्यायची. पण बाभळ २०२१ ला तोडली आणि ठिपके आहेत तसेच आहेत. परवा त्या कोपऱ्यातली आणि मधली, अशी दोन ठिकाणची माती तपासणीला दिली आहे. एप्रिलमधल्या खरड छाटणीच्या आत अहवाल आला तर इथेच खाली टाकतो.