जुना २०० लिटरचा निळा बॅरल: आधी आत काय होतं ते विचारा

बेळगावात बॅरल म्हटलं की उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराला हायड्रॉलिक सिलिंडरची नळी आठवते. पेपरात भाव येतो तो कच्च्या तेलाचा बॅरल १५९ लिटरचा. जुन्या बॅरलवाल्याकडे मिळतो तो मात्र २०० लिटरचा, आणि शेताला तोच लागतो.

जीवामृतासाठी, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या पातळ खतासाठी, पूर्ण तोंड उघडणारा, पत्र्याच्या रिंगने झाकण आवळायचा प्लास्टिकचा बॅरल घ्यावा. दोन बुचांच्या बंद तोंडाच्या बॅरलमध्ये काठी फिरत नाही, हात घालून धुताही येत नाही. एका एकराचं माप सगळ्यांना पाठ असतं: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. पण हे सगळं २०० लिटरच्या बॅरलात मावत नाही, वर फेसही येतो. पाणी १७० लिटरच भरावं, उरलेलं शेतात सोडताना मिसळावं. झाकण आवळू नये, आत वायू धरतो; ओलं पोतं टाकलं की पुरे. लोखंडी बॅरल स्वस्तात मिळाला तरी या कामाला नको, आंबट पाण्याने गंजतो.

चावी (नळ) बसवताना गरम सळईने भोक पाडतात, तिथेच फसतं. भोक वेडंवाकडं होतं, वॉशर नीट बसत नाही आणि पाझर कायमचा लागतो. होल-सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) लावून भोक पाडावं, टँक निपलला (भोकात बसणाऱ्या आट्यांच्या जोडनळीला) आतून-बाहेरून रबरी वॉशर द्यावा. तळापासून चार इंच वर चावी ठेवली तर गाळ अडकत नाही. खाली साधारण २५ लिटर उरतं, ते बादलीने काढावं.

फवारणीच्या औषधाचा बॅरल कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला घेऊ नये. लेबल खरवडलेलं असेल तर परत द्यावा. तेलाचा लोखंडी बॅरल कापायचा असेल तर आत उरलेल्या वाफेने स्फोट होऊ शकतो; गॅस कटर मुळीच लावू नये.

बुचाचा, तेलाने भरलेला बॅरल बेळगावजवळच्या खानापूरच्या पावसात उभा ठेवू नका. वर पाणी साचतं, आणि रात्री गारव्याने आतली हवा आकसली की बुचातून ते आत ओढलं जातं. आडवा ठेवावा, दोन्ही बुचं एका पातळीत, तेलाखाली बुडालेली.