अरुंद भोकांच्या पोलादी भागांसाठी केमिकल निकेल : साकीनाक्यातील एका जॉबवर्कचा अनुभव

बारीक भोके असलेल्या पोलादी भागांवर विजेच्या प्रवाहाने निकेल चढवून घेतले, की बाहेरची बाजू चकचकीत राहते आणि मुंबईच्या पहिल्याच पावसाळ्यात भोकातून तांबूस ओघळ उतरू लागतो. प्रवाह कडांकडे आणि बाहेरील पृष्ठभागाकडे एकवटतो, त्यामुळे दीड मिलिमीटर व्यासाच्या लांब भोकात तोंडापासून थोडे आत गेल्यावर थर जवळजवळ बसतच नाही. आमच्या वंगणाच्या नोझलांची हीच तक्रार होती, म्हणून साकीनाक्याच्या एका लहान गाळ्यात केमिकल निकेल करून घेतले. ते काम मला मनापासून आवडले.

या पद्धतीत निकेल सल्फेट आणि सोडियम हायपोफॉस्फाइट यांचे द्रावण सुमारे 85 ते 90 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. विजेचा संबंध नसल्याने द्रावण जिथे पोचते तिथे थर सारख्याच जाडीचा बसतो. मात्र भोकात हवेचा बुडबुडा अडकला किंवा प्रक्रियेत सुटणारा हायड्रोजन तिथेच साचला, तर तेवढा भाग उघडाच राहतो, आणि बहुतेक ठिकाणी काम बिघडते ते इथेच. या गाळ्यातील कारागिरांनी नोझला टोपलीत ढीग करून न टाकता भोके तिरकी राहतील अशा टांगल्या, टाकीत त्या सतत हलत्या ठेवल्या आणि त्याआधी सफाईच्या आम्लातून काढल्यावर प्रत्येक भोकातून पाणी व दाबाची हवा सोडली. आत राहिलेले आम्ल पुढे थराखालून गंज सुरू करते, हे त्यांना सांगावे लागले नाही.

परत आलेल्या लॉटमधील एक नोझल भोकाच्या रेषेत उभी कापून पाहिली. थर मध्यापर्यंत सलग होता. दुसरीच्या बाहेरील अंगावर पोटॅशियम फेरिसायनाइड आणि मिठाच्या द्रावणात भिजवलेला गाळणकागद ठेवला, तेव्हा थरातून पोलाद उघडे असेल तिथे उमटणारे निळे ठिपके दिसले नाहीत. ही चाचणी महत्त्वाची आहे, कारण निकेल जस्ताप्रमाणे स्वतः झिजून पोलादाला वाचवत नाही. थरात सूक्ष्म छिद्र राहिले तर त्या ठिकाणी पोलाद उलट अधिक वेगाने गंजते. म्हणूनच आम्ही 25 मायक्रॉन जाडी मागितली होती. एवढ्या थराने भोकाचा व्यास 50 मायक्रॉनने कमी होतो, तेव्हा ड्रिल त्या हिशेबाने मोठे घ्यावे आणि ड्रॉइंगवर मापे प्लेटिंगनंतरची आहेत असे स्पष्ट लिहावे.

माल घेताना मुकादमांनी स्वतःहून विचारले, “साहेब, माल हार्डन केलेला आहे का?” कठीण केलेल्या पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होते, असे भाग प्लेटिंगनंतर काही तासांतच 190 ते 220 अंशांवर भट्टीत ठेवावे लागतात. हा प्रश्न न विचारणाऱ्याकडे मी तरी असा माल देणार नाही.

दर साध्या निकेलपेक्षा बराच जास्त आहे, माल मिळायलाही उशीर होतो, आणि जाडीचा अहवाल मागितल्याशिवाय मालाच्या चलनासोबत येत नाही. ही शेवटची गोष्ट त्यांनी सुधारायलाच हवी. एका बाजूने बंद असलेल्या खोल भोकांची हमी ते देत नाहीत आणि तसे काम घेण्यापूर्वीच सांगतात. अशा भागांत भोक आरपार काढता येईल का, किंवा तळाशी निचऱ्याचे छिद्र देता येईल का, हे आम्ही आता ड्रॉइंग करतानाच ठरवतो.