आठ महिने आणि चार बाटल्या: भाजणं आणि सर्दी यांवर सुगंधी तेलं वापरून पाहिली

लॅव्हेंडर, निलगिरी, पेपरमिंट आणि टी ट्री. दहा-दहा मिलिलिटरच्या या चार बाटल्यांचा संच घेऊन आठ महिने झाले. निलगिरी संपत आलीय, लॅव्हेंडर निम्मं उरलंय, बाकीच्या दोन फारशा उघडल्या जात नाहीत. एवढ्या काळात मला दोनदा भाजलं आणि तीनदा सणसणीत सर्दी झाली, त्यामुळे लिहायला मालमसाला भरपूर आहे.

पहिल्यांदा भाजलं ते संच आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात. ओव्हनमधून ट्रे काढताना त्याची कड मनगटाच्या आतल्या बाजूला टेकली. संचासोबतच्या माहितीपत्रकात 'भाजल्यास त्वरित लॅव्हेंडरचे दोन थेंब, काहीही न मिसळता' असं लिहिलेलं होतं आणि मला ते पाठ झालं होतं. बेसिन दोन पावलांवर, पण मी धावले ती बाटलीकडे. थेंब पडला, गार वाटलं, खोलीभर वास सुटला. पाच मिनिटांत पुन्हा आग. आणखी दोन थेंब, पुन्हा तेच. रात्रीपर्यंत टपोरा फोड आला आणि तिसऱ्या दिवशी फोडाच्या भोवती, जिथे भाजलंच नव्हतं तिथेही, बारीक लाल पुरळ उठून खाज सुटली.

ताई नर्स आहे. तिला हात दाखवला.

"पाण्याखाली किती वेळ धरला होतास?"

"पाण्याखाली नाही धरला. लॅव्हेंडर लावलं."

"भाजल्यावर अत्तर लावलंस होय! अगं, आधी नळ सोडायचा."

पुरळ तेलाचं होतं. लॅव्हेंडरमध्ये लिनालूल नावाचा घटक असतो. हवा लागून त्याचं ऑक्सिडीकरण झालं की त्वचेला ॲलर्जी आणणारे पदार्थ तयार होतात. ज्यांना एरवी काही होत नाही त्यांनाही दुखावलेल्या कातडीवर पातळ न केलेलं तेल झोंबू शकतं. मी आधी पॅच टेस्ट (कातडीच्या लहानशा भागावर थोडं लावून पाहणं) केली नव्हती हा माझाच आळस.

त्या माहितीपत्रकात एक गोष्टही छापली होती: गाटफोसे नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाचा हात प्रयोगशाळेत भाजला, त्यानं तो लॅव्हेंडरच्या भांड्यात बुडवला आणि जखम चमत्कारासारखी भरली. कुतूहल म्हणून शोधाशोध केली. स्फोट खरा, 1910 सालचा. पण 1937 च्या त्याच्या पुस्तकात तो सांगतो ते निराळं आहे. अंगावरची आग त्यानं गवतावर लोळून विझवली. पुढे हातांना गॅस गँगरीन (मांस कुजवणारा जंतुसंसर्ग) झालं आणि त्या संसर्गावर त्यानं लॅव्हेंडर वापरलं. म्हणजे मुद्दा जंतुसंसर्गाचा होता, आणि तोही अँटिबायोटिक सर्रास मिळू लागण्याच्या आधीच्या काळातला. भाजल्या क्षणी काय करावं याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

दुसऱ्यांदा भाजलं ते सर्दीच्याच उपचारात. नाक चोंदलं होतं म्हणून उकळत्या पाण्याच्या पातेल्यात निलगिरीचे चार थेंब टाकले, डोक्यावर टॉवेल घेतला आणि वाकले. टॉवेलच्या आत काही दिसत नाही. कोपर पातेल्याला लागलं आणि पाणी डाव्या हाताच्या पंज्यावर आलं. या खेपेला मात्र अंगठी ओढून काढली (सूज चढली की ती अडकून बसते) आणि हात नळाखाली धरला.

वीस मिनिटं धरायचा असतो. हे वाचायला सोपं आहे. चौथ्या मिनिटाला वाटतं, झालं की आता. सातव्या मिनिटाला हात बाहेर काढला तर आग परत उसळली, मुकाट्यानं पुन्हा आत. दहाव्या मिनिटाला कंबर अवघडली, स्टूल ओढून बसले. पंधराव्याच्या सुमारास हात बाहेर काढूनही ठणका जाणवेना. पाणी साधं गार असावं, बर्फाचं नको. बर्फानं रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच दुखावलेल्या कातडीचं आणखी नुकसान होतं. चटका देणारी वस्तू बाजूला झाली तरी कातडीत शिरलेली उष्णता आत काम करत राहते आणि वाहतं पाणी ती काढून नेतं, एवढंच त्यामागचं साधं शास्त्र. लगेच जमलं नाही तरी तीन तासांच्या आत केलं तर उपयोग होतो, हे मला ताईकडूनच कळलं. मनगटावर मी ती संधी तीन तास तशीच दवडली होती.

पंज्यावर दोन दिवस लाली राहिली, दोन बोटांच्या बेचक्यात एक बारीक फोड आला, आठवड्यात साल निघून कातडी सारखी झाली. मनगटावरचा डाग मात्र आजही दिसतो. आता तापलेला धातू आणि उकळतं पाणी यांची बरोबरी होत नाही, शिवाय एकाच माणसाचे दोन अपघात म्हणजे काही प्रयोग नव्हे. तरी पुन्हा भाजलं तर मी कुठे धावेन, याबद्दल मला शंका उरलेली नाही. या बाटल्यांवर माझा मुख्य राग तोच आहे. दोन थेंबांनी कदाचित फार बिघडत नसेल, पण बाटली हातात असली की नळाची आठवण होत नाही.

पाण्यानंतर अन्न झाकायची पारदर्शक प्लास्टिक फिल्म सैलसर ठेवली आणि नंतर न चिकटणारं गॉज. फोड फोडला नाही. टूथपेस्ट, लोणी असलं काही लावलं नाही. कोरफडीचा गर लावला तो सगळं मिटल्यावर, कोरड्या पडलेल्या नव्या कातडीवर, आणि तिथे तो खरोखर बरा वाटला. मात्र पान कापल्यावर गळणारा पिवळा चीक आधी पूर्ण निथळू द्यायचा, तो खाजरा असतो. मधाबद्दल माझा अंदाज चुकला. मी तो थोतांडात धरला होता, पण मध्यम खोलीच्या भाजलेल्या जखमा मधाच्या पट्टीनं नेहमीच्या काही पट्ट्यांपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरतात, असं 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासते) आहे. अर्थात तो निर्जंतुक केलेला, जखमांसाठीचा मध. बरणीतला नव्हे. आणि स्वतःच्या तळहातापेक्षा मोठं भाजलं, चेहरा, सांधा किंवा गुप्तांगाला भाजलं, विजेनं किंवा रसायनानं भाजलं, किंवा जागा पांढरी पडून दुखेनाशी झाली, तर यातलं काहीच घरी करत बसू नये. पाणी घालायचं आणि दवाखाना गाठायचा.

आता सर्दी. इथे तेलांबद्दल माझं मत जरा मऊ आहे.

पेपरमिंटचा रुमाल नाकाशी धरला की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. 'झाल्यासारखं' हा शब्द मुद्दाम वापरलाय. मेंथॉल नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या टीआरपीएम8 या ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या संवेदकाला, चेतवतं. (ती ग्राही 2002 मध्ये सापडली, ती शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं.) मेंदूला वाटतं गार हवा आत येतेय. मोजून पाहिलं तर नाकातला अडथळा होता तेवढाच असतो. फसवणूकच ही, पण रात्री दोन वाजता मला ती चालते. मी रुमालावर एक थेंब टाकते आणि तो रुमाल टेबलावर ठेवते. उशीवर टाकून पाहिला होता, तो कुशीवर वळताना डोळ्यात गेला आणि पुढची दहा मिनिटं मी डोळ्यावर पाणी मारत होते.

वाफ घेणं मी बंद केलं. भाजलं म्हणून तर आहेच, पण सर्दीवर तिचा ठाम फायदा 2017 च्या कॉक्रेन आढाव्यातही दिसला नव्हता. मुलांचे हातपाय वाफेच्या भांड्यांनी पोळतात ते वेगळंच. आता गरम पाण्यानं अंघोळ करताना बाथरूमचं दार लावून घेते, तेवढ्यानं जे सैल व्हायचं ते होतं.

तिन्ही सर्दींत खरा हात दिला तो दोन बिनवासाच्या गोष्टींनी. एक, मिठाच्या पाण्यानं नाक धुणं. लिटरला नऊ ग्रॅम मीठ, पाणी उकळून गार केलेलं. थेट नळाचं पाणी नाकात घालायचं नाही. त्यातला नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूत पोचू शकतो. असं क्वचित घडतं, पण घडलं तर माणूस बहुधा वाचत नाही. पहिल्या वेळी मीठ कमी पडलं आणि नाक झणझणलं, प्रमाण जमल्यावर काही कळतही नाही. दुसरी, झोपताना चमचाभर मध. खोकल्याची उबळ त्यानं कमी होते. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध चाटवायचा नाही, बोट्युलिझमचा (जंतूंच्या विषानं स्नायू लुळे पडण्याचा) धोका असतो. बाकी सर्दी आपल्या वेळेनं गेली: पहिली नऊ दिवस, दुसरी सात, तिसरी परत नऊ. बाटल्यांमुळे एक दिवसही वाचला नाही.

भाची येणार असली की संच वरच्या फळीवर जातो. निलगिरीचं तेल थोडं जरी पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात, आणि दोन वर्षांखालच्या मुलांच्या नाकाशी मेंथॉल-कापूर नेत नाहीत. मांजर असणाऱ्यांनी टी ट्री आणि डिफ्यूझर (तेलाचा वास हवेत पसरवणारं उपकरण) दोन्ही दूर ठेवावेत, मांजराच्या यकृताला या तेलांचा निचरा जमत नाही.

बाटल्यांबद्दल दोन तक्रारी. ड्रॉपरचं रबर चार महिन्यांत निलगिरीच्या वाफेनं फुगून चिकट झालं. साध्या झाकणाची, आत थेंब पाडायची बूच असलेली बाटली बरी. आणि लेबलवर कधी उघडली ते लिहायला जागाच नाही. मी चिकटपट्टी लावून तारखा लिहिल्या. टी ट्रीचा वास आता बदललाय, टर्पेंटाइनसारखा येतो, तेव्हा ते आठवड्याभरात टाकून देणार. लॅव्हेंडर मात्र पाच मिलि साध्या तेलात एक थेंब एवढं पातळ करून पायांना लावते, झोपताना, वास आवडतो म्हणून. मनगटाला नाही.