ओटिस रेडिंगची ‘ओटिस ब्लू’ एलपी – ३३ मिनिटांत पैसे वसूल

खूप दिवस घ्यायची घ्यायची म्हणत होतो, शेवटी घेतली. अमेरिकन सोल गायक ओटिस रेडिंगची ‘ओटिस ब्लू’, १९६५ ची एलपी म्हणजे मोठी तबकडी, अर्थात नवी छापलेली, जुनी ओरिजिनल आपल्या खिशाला परवडत नाही. महिनाभर रोज रात्री जेवण झाल्यावर एक बाजू तरी लावतोय, आता लिहायला हरकत नाही असं वाटलं.

आधी खरेदीचं सांगतो, कारण त्यात मला फटका बसलाय. पहिली कॉपी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली होती, साध्या पातळ खोक्यात आली, कव्हरचा कोपरा चेपलेला आणि तबकडी चक्क वाकलेली, सुई पाण्यातल्या होडीसारखी वरखाली. परत पाठवली, पैसे मिळायला तीन आठवडे गेले. मग भाचा अमेरिकेतून येणार होता त्याला सांगितलं, त्याने बॅगेत दोन जीन्सच्या मधे ठेवून आणली आणि एकदम सपाट आली. तेव्हा रेकॉर्ड मागवताना जाड पुठ्ठ्याचं पॅकिंग देतात का ते आधी विचाराच, आणि आल्या आल्या प्लेअरवर फिरवून बाजूने डोळा लावून बघा.

आता माणूस. ओटिसचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, जॉर्जिया राज्यातलं डॉसन गाव, पण वाढला मेकनमध्ये. वडील धर्मोपदेशक, पोरगा चर्चमध्ये गाणारा. वडिलांना क्षयाने धरलं, घरात पैसा नाही, म्हणून पंधराव्या वर्षी शाळा सोडली. विहिरी खणायच्या कामावर गेला, पेट्रोल पंपावर राहिला आणि मधे मधे गाणं. मेकनच्या डग्लस थिएटरमध्ये हौशी गायकांची स्पर्धा असायची, बक्षीस पाच डॉलर, ती याने लागोपाठ पंधरा वेळा जिंकली. रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्ड याच मेकनचा, त्यामुळे सुरुवातीला त्याच्यासारखं ओरडून गायचा. स्वतःचा आवाज सापडायला थोडा वेळ लागला.

आणि सापडला तो कसा बघा. १९६२ साल, जॉनी जेन्किन्स नावाचा गिटारिस्ट मेम्फिसला स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीत रेकॉर्डिंगला चाललेला, ओटिस त्याची गाडी चालवत गेला. जेन्किन्सचं काही नीट जमेना, शेवटी थोडा वेळ उरला म्हणून ओटिसला गायला दिलं. त्याने स्वतः लिहिलेलं ‘दीज आर्म्स ऑफ माइन’ म्हटलं, संथ, अगदी अजिजीचं गाणं. सामान उतरवणारा पोरगा समजत होते त्याला तिथले लोक! तिथून पुढे त्याला मिळाली फक्त पाच वर्षं.

स्टॅक्सबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे, कारण रेकॉर्डवर जे ऐकू येतं ते त्या जागेचं पण आहे. जिम स्टुअर्ट आणि एस्टेल ॲक्स्टन ही सख्खी बहीणभावंडं, दोघं गोरी, आडनावांची पहिली अक्षरं जोडून स्टॅक्स. रेकॉर्डिंगचं मशीन घ्यायला बहिणीने राहतं घर गहाण टाकलं होतं. स्टुडिओ म्हणजे मॅकलेमोर ॲव्हेन्यूवरचं बंद पडलेलं सिनेमा थिएटर, खुर्च्या काढल्या पण जमिनीचा उतार तसाच ठेवला, आणि जिथे पूर्वी खाऊचा स्टॉल होता तिथे एस्टेलबाईंचं रेकॉर्डचं दुकान. साथीला बुकर टी आणि एमजीज हा स्टुडिओचा बँड, चौघांपैकी दोघं काळे, दोघं गोरे. त्या काळच्या मेम्फिसमध्ये बाहेर एकत्र बसून जेवायची पंचाईत आणि आत एकाच तालावर मान हलतेय. मला हे वाचल्यापासून त्यांच्यातल्या अल जॅक्सनचा ड्रम वेगळाच ऐकू येतो, कुठे घाई नाही, दाखवायचा सोस नाही, भजनी मंडळात एखादा जुना पखवाजवाला असतो ना, ज्याच्याकडे कोणी बघत नाही पण सगळे त्याच्याच भरवशावर असतात, तसा.

तर ही एलपी जवळजवळ सगळी एका दिवस-रात्रीत झाली. ९ जुलै १९६५ ला सकाळी सुरू केलं, रात्री वादक मंडळी आपापल्या क्लबातल्या कामाला गेली, पहाटे दोनला परत आली आणि १० जुलैला संपवलं. अकरा गाणी. ओटिस तेव्हा तेवीस वर्षांचा. ऐकताना हा हिशोब डोक्यात ठेवा, कारण दुसऱ्या बाजूला आवाज थोडा चिरल्यासारखा वाटतो आणि मला तो जागरणाचा वाटतो आणि मला तोच आवडतो.

अकरातली तीन गाणी सॅम कुकची आहेत. गायक सॅम कुक म्हणजे ओटिसचं दैवत, आणि तो ११ डिसेंबर १९६४ ला लॉस एंजेलिसच्या एका मोटेलमध्ये गोळी लागून गेला होता. म्हणजे सात महिनेसुद्धा झाले नव्हते. पहिल्या बाजूचं तिसरं गाणं कुकचं ‘अ चेंज इज गॉना कम’, काळा म्हणून एका मोटेलने त्याला खोली नाकारली होती, त्यानंतर त्याने लिहिलेलं. कुकच्या आवाजात ते रेशमासारखं आहे, मोठ्या ऑर्केस्ट्रासकट. ओटिसकडे रेशीम नाही. त्याच्याकडे घोंगडी आहे. तो शब्द तोडतो, मधेच थांबतो, पुन्हा तोच शब्द पकडून ढकलतो, मागे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन फक्त हुंकार दिल्यासारखे. आई परवा बाजूला शेंगा सोलत बसली होती, इंग्रजीचा एक शब्द तिला कळत नाही, तिने हात थांबवले आणि म्हणाली, “काय रे, इतकं कळवळून कोणाला सांगतोय हा?” मी रेकॉर्ड थांबवून तिला सॅम कुकची सगळी गोष्ट सांगितली, मग ते गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

‘रिस्पेक्ट’ याच बाजूला आहे. बऱ्याच जणांना ते गायिका अरीथा फ्रँकलिनचंच वाटतं, पण लिहिलंय ओटिसने. याच्या तोंडी ते दमून घरी आलेल्या नवऱ्याचं मागणं आहे, तिने १९६७ मध्ये तेच बाईच्या तोंडी घातलं आणि गाणं नंबर एकला गेलं. नंतर ओटिस स्टेजवरून सांगायचा की हे गाणं एका मुलीने माझ्याकडून नेलं. मला विचाराल तर अरीथाचं जास्त मोठं आहे, यात शंका नाही, पण इथलं ऐकल्याशिवाय तिने नेमकं काय केलं ते कळत नाही.

‘सॅटिस्फॅक्शन’ची गंमत अशी की रोलिंग स्टोन्स या इंग्लिश बँडचं ते गाणं तेव्हा नवंकोरं होतं, ओटिसला माहीतच नव्हतं, गिटारिस्ट स्टीव्ह क्रॉपरने सुचवलं. मूळ गाण्यातली गिटारची प्रसिद्ध ओळ इथे ब्रासवर, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोनवर वाजते आणि ओटिस शब्दांची फार फिकीर न करता नुसता सुटतो. या एका गाण्यासाठी आवाज मोठा करा, शेजारी काही बोलले तर बोलले.

मोनो (सगळा आवाज एकत्र) का स्टिरिओ (डावा-उजवा वेगळा)? मी मोनो घेतलीय आणि तीच घ्या म्हणेन. स्टिरिओ भाच्याच्या फोनवर ऐकली, त्यात वाद्यं दोन टोकांना गेल्यासारखी वाटतात. मोनोत सगळे एका खोलीत, एकमेकांच्या अंगावर. एक लक्षात ठेवा, ‘आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग’ स्टिरिओसाठी त्यांनी नव्याने गायलं होतं, म्हणजे दोन्हीत ते गाणं खरोखर वेगळं आहे. गायक जेरी बटलरबरोबर ओटिसने लिहिलेलं हे गाणं, आणि त्यात शेवटाकडे जाताना ब्रास पायऱ्या चढल्यासारखा एकेक सूर वर जातो आणि ओटिस त्याच्याही वर, तिथे माझा दरवेळी घसा दाटतो.

कव्हर मात्र मला पटलेलं नाही. सोनेरी केसांच्या एका गोऱ्या मुलीचा चेहरा, ओटिस कुठेच नाही. ही गाणी ज्याच्या पोटातून आलीत त्याचा चेहरा समोर पाहिजे होता, हे मी ठासून सांगेन.

पुढचं थोडक्यात, कारण त्याच्या आयुष्यातच ते थोडक्यात आहे. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात मॉन्टेरीच्या महोत्सवात हजारो गोऱ्या हिप्पी पोरांसमोर गायला आणि सगळ्यांना जिंकलं. मग घशाचं ऑपरेशन. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ‘डॉक ऑफ द बे’ या गाण्याचं काम, ज्याच्या शेवटी ती शीळ आहे. आणि १० डिसेंबर १९६७ ला त्याचं छोटं विमान विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनजवळच्या मोनोना तळ्यात कोसळलं. ओटिस गेला, बरोबर त्याच्या साथीच्या बार-केज बँडमधली चार कोवळी पोरं गेली, विमानातला एकटा बेन कॉली वाचला. ओटिसचं वय सव्वीस. सॅम कुकला जाऊन तीन वर्षं व्हायला एक दिवस कमी होता. ती शीळवाली रेकॉर्ड मार्च १९६८ मध्ये नंबर एकला पोचली, गायक गेल्यावर नंबर एकला गेलेलं अमेरिकेतलं ते पहिलं गाणं.

म्हणून नुसत्या हिट गाण्यांचा संग्रह घेणार असाल तर थांबा, आधी ही घ्या. संग्रहात ती शीळ ऐकून वाईट वाटतं, इथे तो धडधाकट आहे, हट्टी आहे, जागरण करून गातोय आणि आपल्या गुरूचं सुतक अजून फिटलेलं नाहीये. मला ती साधारण तीन हजारांत पडली. सुई चांगली असू द्या, ब्रशने धूळ काढून मगच लावा, आणि पहिली बाजू संपल्यावर लगेच उलटी करू नका, दोन मिनिटं जाऊ द्या.